वाल सोलताना

बाई,

आई गेली आणि माझं बोलणं थांबलं. डोंबिवलीतल्या आमच्या शेजारपाजाऱ्यांना वाटलं, पोरीची जीभ जड झाली असणार. आत्या रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळून माझ्या जिभेला लावायची आणि समोर बसून म्हणायची, "बोल गं, एकदा तरी बोल!" देश नुकताच स्वतंत्र झालेला, जो तो तावातावाने बोलतोय, आणि मी तेवढी गप्प. वर्गात तुम्ही मला प्रश्न विचारणं बंद केलंत तेव्हा वाटलं, बाईंनीही माझा नाद सोडला. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही म्हणालात, "घरी चल, वाल सोलायचेत."

शाळेच्या मागेच तुमचं घर. मोड आलेले वाल कोमट पाण्यात, परात आपल्या दोघींच्या मध्ये. तुम्ही सोलताय, मी सोलतेय, तुम्ही काही विचारत नाही. किती हायसं वाटायचं! घाईने दाबल्यामुळे माझ्या हातून मोड तुटायचे, तेव्हा "हळू, साल आपोआप सुटतं" एवढंच म्हणायचात. एका संध्याकाळी आईच्या आठवणीने मी रडले. तुम्ही "रडू नको" म्हणाला नाहीत. पदराला हात पुसलेत आणि जवळ सरकून बसलात.

मग एक दिवस वडील माझं नाव शाळेतून काढायचं म्हणून तुमच्या घरी आले. "बाई, ही तोंडातून शब्द काढत नाही. शाळेचा काय उपयोग? घरी राहील, धाकट्याला बघेल." मी तुमच्याकडे पाहिलं. वाटलं, आता तुम्ही माझ्या बाजूने भांडाल. तुम्ही म्हणालात, "तिला काय हवंय ते तिलाच ठाऊक. आपण जरा थांबू या." आणि खरंच थांबलात! वडिलांना बसायला पाट दिलात, पुन्हा सोलायला लागलात. मला तुमचा असा राग आला की तोंडातून निघूनच गेलं, "मला शाळेत जायचंय." आवाज घोगरा, पण माझा. वडील पाट ओढून परातीजवळ सरकले. मग परातीतला एक वाल उचलून सोलू लागले.

पुढे मी मानसशास्त्र शिकले. माणसात वाढायची ओढ मुळातच असते, आपण विश्वास ठेवून ऐकत राहावं, असं पुस्तकात वाचलं तेव्हा मला हसूच आलं. आता ठाण्यातल्या एका शाळेत मुलांचं ऐकायचं काम करते. संस्थेचे लोक म्हणतात, "मॅडम, एकेकाला एवढा टाइम कशाला? काय करायचं ते सरळ सांगून टाका ना." नाही सांगणार. उद्याच्या बैठकीत हे मी तोंडावर बोलणार आहे. नोकरी गेली तर गेली, मुलं माझ्या घरी येऊन बसतील.

तुम्ही गेलात, आता हे पत्र कुठे टाकणार? पण एक सांगायचं राहून गेलं. वाल मला कधीच आवडले नाहीत, बाई. कडवट लागतात. तुम्ही बिरड्याची वाटी पुढे केलीत की मी मुकाट्याने संपवायची, कारण नको म्हटलं तर उद्या बोलावणार नाहीत अशी भीती होती. आता कळतं, तरीही तुम्ही बोलावलंच असतंत.