क्लेअर मॅडम

१० जून
लागली बाई नोकरी एकदाची! चुडाव्याहून गाडीनं गंगाखेडला आले. आई स्टेशनापर्यंत पोचवायला आली अन् लेक विलायतेलाच निघाल्यागत रडली. परदेशातल्या शाळांनी मला दोनदा नाकारलं होतं. इंग्रजी उत्तम, पण पालकांना गोऱ्या बाई लागतात म्हणे. घ्या! आता नागनाथ सरांच्या सेंटरमधून त्याच पोरांना ऑनलाइन शिकवणार. वरच राहायला खोली, खाली चहाची टपरी. लय झकास.

११ जून
एक अट निघाली. कॅमेऱ्यापुढं बसलं की संगणक माझ्यावर 'क्लेअर' चढवतो. गोरा चेहरा, निळे डोळे, तिकडचाच आवाज. मेहनत माझी, कौतुक तिचं. राग आला. सर म्हणाले, सुकेशनीबाई, पडद्यापुरतं तर हाय. पोरं मात्र गोड आहेत.

१९ जून
नेट अडखळलं अन् क्षणभर क्लेअर उतरली. माझा सावळा चेहरा दिसला तशी एका पोरीच्या आईनं तासच बंद केला. शिकवणं तेच होतं की! सरांनी सायंकाळी काहीतरी बदल केला. आता क्लेअर उतरायची न्हाई, म्हणाले.

२४ जून
आईला फोन लावला. जयभीम म्हणायला गेले, तोंडातून इंग्रजी आलं. क्लेअरच्या आवाजात. संगणक तर खाली बंद होता. आई बिचकून म्हणाली, "मॅडम, आमच्या सुकेशनीला द्या ना फोन." मला रडू फुटलं. रडणंसुद्धा तिचंच.

२६ जून
आरशात निळे डोळे. पळाले. स्टँडवर पोरं फोटो काढायला जमली, कंडक्टर हिंदीत बोलायला लागला. अशा तोंडानं घरी कशी जाऊ? परत फिरले. मी कोण ते सरांना तरी ठाऊक आहे. सरांनी दार उघडलं. म्हणाले, "या, क्लेअर मॅडम."

२८ जून
आई आलीय. लेकीला शोधायला. मी धावत जाऊन गळ्यात पडले — ती अंग चोरून मागं सरली, हात जोडले. सरांनी सांगितलं, सुकेशनी नोकरी सोडून गेली. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "मॅडम, तुमी तरी सांगा. कुठं गेली माझी लेक?"

सांगायलेय — तोंड नुसतं हसायलंय, इंग्रजीत —

वर आले. लिहून देते. अक्षर तरी माझंच हाय, ती ओळखील. खाली जिन्याशी उभी हाय अजून —

बोटं गोरी पडायलीत — आई, जाऊ नको — आई, मी सु