सातमाशी नातीची हाडं

८ जाने. ५८, महाड
आजपासून मी राज्यभ्रष्ट. ओटीवरचा पूर्वेचा कोपरा, जिथून गेली अकरा वर्षं मी मुंबईच्या पत्राला महाड-पोलादपूरच्या बातम्या पुरवतो, तो अठरा दिवसांच्या नातीनं काबीज केला. डॉक्टरांचा हुकूम : सातमाशी पोर, हाडं भरायच्या आधीच बाहेर आली, कोवळं ऊन हवं. माझं मेज न्हाणीघराशी. चुलाण्याच्या धुरात बसून पुलाच्या कामाची बातमी लिहिली. संपादकांना ती धुरकट वाटेलच.

९ जाने.
कोपरा रिकामा. पोर आत, अंधारात. सौ.चं म्हणणं, सव्वा महिन्याआधी मूल उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. मग मेज का हलवलं? "डॉक्टर अवचित आले तर?"

१२ जाने.
डॉक्टरांनी माशाचं तेल दिलंय. चार थेंब, दोन वेळा, पोटात. सौ.नं बाटली पदरानं धरली. औषधाला विटाळ नसतो, हे मी सप्रमाण सिद्ध केलं.
"मग तुम्ही घ्या आधी."
घेतलं. दिवसभर शेजारच्या मांजरीला माझ्याविषयी कधी नव्हे तो आदर. सौ.नं बाटली आत नेली. जिंकलो.

१९ जाने.
जिंकलो नव्हतो. बाटली निम्मी, पोरीच्या पोटात थेंब नाही. तोंडात नको म्हणून सौ.नं अंगाला लावायची तोड काढली. अकरा दिवस ऊन नाही, आठवडाभर औषध नाही, आणि पोरीला न्हाऊ घालायला येणारी शिवथरची रखमा त्याच तेलानं रोज चोळते. हातपाय ताणते, उलटी धरते. हलक्या हातानं, म्हटलं.
"अण्णा, तुमी पोथी वाचा. चोळल्याबिगर हाड धरत नाय."
सौ. हसली. मीही हसलो. थेंब आता कुमुद, पोरीची आई, बाळंतपणाला आलेली आमची लेक, स्वतः देणार. चोळणं चालूच. मी नेट धरला नाही.

२३ जाने.
सकाळी कुमुद : "अण्णा, डावा हात हलवत नाही. शिवलं की कळवळते."
डॉक्टरांनी दंडावरून बोट फिरवलं. हाड मोडलंय. कोणी ओढलं? रखमाच बोलली, दारातून : "म्या रोजच्यासारकंच चोळलं गो बाय."
खोटं नाही. तिच्या हाताखाली गावोगावची पोरं धट्टीकट्टी झाली. पण ती पोरं नऊ महिने भरलेली होती.
हात छातीशी बांधला. सौ. पोरीला घेऊन उन्हात जाऊन बसली. सव्वा महिन्याला अजून चार-पाच दिवस होते. कोणी मोजले नाहीत.

२७ जाने.
हाड सांधेल, म्हणतात. पोलादपूरला व्याह्यांना कळवायचंय. तीन पत्रं फाडली. काय लिहू?
कुमुद सगळ्यांना उचलायला शिकवते : एक हात मानेखाली, दुसरा कुल्ल्याखाली, हाताला धरून कधीच नाही. मला म्हणाली, "अण्णा, घ्या ना." म्हटलं, टपाल निघेल.
टपाल सकाळीच गेलं होतं.
मला भीती वाटते. माझ्या हातात तिचं आणखी एखादं हाड मोडेल, याची. बाकीची हाडं भरतील का, हे डॉक्टरांना विचारायचा धीर अजून झालेला नाही.