तीन उघडे, दोन मिटलेले

शेफील्ड,
रविवार, ९ ऑक्टोबर १९८३

प्रिय डेस,

दोन वर्षांत माझ्याकडून तुला वाढदिवसाची दोन कार्डं आणि मोज्यांचा एक जोड, एवढंच आलं. तेव्हा हे जाड पाकीट पाहून दचकू नकोस. आई बरी आहे. बाबाही बरे आहेत, गुडघा सोडून. कारखाना बंद झाल्यापासून ते घरभर पाना घेऊन फिरतात आणि चांगल्या चाललेल्या वस्तू दुरुस्त करतात. परवा टोस्टर गेला. ग्रिम्सबीला थंडी पडली का, असं विचारणार होते, पण बर्फाच्या कारखान्यात राबणाऱ्या भावाला ते काय विचारायचं!

मी घरी आले आहे. सुट्टीवर नाही. ते सांगते पुढे.

आज बाबा मला त्यांच्या क्लबात घेऊन गेले. रविवार दुपारचा कार्यक्रम अजून तसाच आहे. गाणारा बिचारा रंगात आला की सेक्रेटरी त्याच्या हातातला माइक ओढून घेतो आणि ओरडतो, "बिंगो सुरू होतोय, आवाज बंद!" बिंगो संपल्यावर बाबांनी आमच्या बँडची नवी रेकॉर्ड लावायला लावली. डिस्कोसाठी काढलेली ती सात मिनिटांची. "ऐका रे, माझ्या लेकीचा ठेका आहे हा!" असं म्हणत स्वतःच आधी उठले. कोपरं बाहेर काढून नाचले, गुडघ्याची पर्वा न करता. मग सगळेच उठले. मिसेस इबट्सननं काठी खुर्चीला टेकवली आणि तीही उठली. मला हाका मारत होते, मी ग्लास धरून बसून राहिले.

कारण त्या रेकॉर्डवर मी नाही. तू नव्हतासच, आता मीही नाही. बापाची दोन मुलं त्या बँडमध्ये होती आणि बाप ज्यावर नाचला त्यात एकाचाही हात नाही. मला इतका संताप आला की ग्लास फुटेल असं वाटलं. त्यात वाईट म्हणजे माझेही पाय खुर्चीखाली हलत होते.

त्याचं असं झालं. स्टुडिओत रेकॉर्डिंग करणारा चष्मेवाला म्हणाला, "लॉर्ना, ध्रुवपदाकडे जाताना तू धावतेस." मी म्हटलं, "धावते, कारण तिथे लोक उड्या मारतात." तो म्हणाला, "डिस्कोवाल्याला या रेकॉर्डला पुढची रेकॉर्ड जोडायची असते. ठेका केसभर हलला तरी त्याची पंचाईत." आणि त्यानं माझ्या ड्रमसमोर एक डबा ठेवला, आपोआप ड्रम वाजवणारा, बिस्किटांच्या डब्याएवढा, वर बटणं. तीन दिवस बसून मी त्याला माझे ठेके शिकवले. मीच, डेस! कुठे जोर, कुठे मोकळं, सगळं. दौऱ्यावर कोण वाजवणार, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मूर्खासारखं मीही विचारलं नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी लीस्टरच्या अलीकडे जूलियननं व्हॅन थांबवायला सांगितली. "हात टाकू या," म्हणाला.

तुला ती पद्धत आठवते ना? डोळे मिटायचे, हात पुढे करायचा. ज्याच्यावरून वाद आहे त्यानं बँडमध्ये राहावं असं वाटलं तर मूठ, जावं असं वाटलं तर उघडा पंजा. ड्रायव्हर वॉल्ट मागे वळून मोजणार, बाकी कोणी बघायचं नाही आणि आपला हात काय होता ते जन्मात कोणाला सांगायचं नाही. सोळाव्या वर्षी तुझ्याच डोक्यातून निघालेला नियम. भांडणं होऊ नयेत म्हणून!

तुझ्या जागी आता मॅनेजर हात टाकतो. वॉल्टनं मोजलं आणि म्हणाला, "तीन उघडे, दोन मिटलेले." दोन वर्षांपूर्वी तुझ्या वेळी म्हणाला होता अगदी त्याच आवाजात. दौऱ्याला डबा जाणार, मी नाही.

दोन मिटलेल्यांत एक माझी मूठ. दुसरी कोणाची, ते पॉलीननंच सांगितलं. व्हॅनमधून उतरली, की-बोर्डची पेटी स्वतः ओढून बाहेर काढली आणि म्हणाली, "माझी. आज मूठ होती आणि डेसच्या वेळीही मूठच होती. नियम गेला खड्ड्यात." मग माझ्याकडे बघितलं. नुसतंच बघितलं. आम्ही दोघी बसनं शेफील्डला परत आलो.

आता मला कागद उलटून लिहायला हवं आणि मी मघापासून पेनच पुसत बसले आहे.

त्या दिवशी तू बेस गिटार खांद्याला लावून उतरलास तेव्हा माझे केस विस्कटलेस आणि म्हणालास, "तू तरी माझ्या बाजूची होतीस." मी काही बोलले नाही. जूलियन आणि ग्रॅम तर उघडच तुझ्यावर वैतागलेले होते, म्हणजे तिसरा पंजा पॉलीनचा, असा तू हिशेब केलास. त्यात तुझं बेसचं काम नंतर तिच्याच डाव्या हाताकडे आलं, की-बोर्डवर. तुझी खात्रीच पटली. तुमचं ठरलेलं लग्न मोडल्याचं तू तिला पोस्टकार्डावर कळवलंस, डेस. चार ओळींत. पोस्टमननंसुद्धा वाचलं असेल. तिनं तोंड उघडलं नाही, कारण नियम तुझा होता.

तिसरा पंजा माझा होता.

का, ते ऐक. तू बेस सुंदर वाजवायचास, पण भरमसाट. मी पायानं ठोका द्यायचे आणि तू त्याच्यावर नक्षी काढत बसायचास. लोक उभे राहून ऐकायचे, नाचायचे नाहीत. मला माणसं नाचायला हवी होती. मला तेवढंच हवं होतं, त्यासाठी मी तुला बाहेर काढलं. आणि चीड येते ती याची, की गाणं तुझ्याशिवाय खरंच चांगलं झालं. तसंच माझ्याशिवायही झालं. क्लबभर म्हातारी माणसं नाचली आज.

बसमधून उतरताना पॉलीन एवढंच म्हणाली, "तूच सांग त्याला. मी सांगितलं तर रडगाणं वाटेल." ती बोटीवरच्या वाद्यवृंदात लागली आहे. शुक्रवारी साउथॅम्प्टनहून बोट सुटते, वर्षभरासाठी. गुरुवारपर्यंत इथेच तिच्या आईच्या घरी आहे, तुला दार माहीत आहे. तुझं पोस्टकार्ड तिनं की-बोर्डच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलंय. मी पाहिलं. फाडून टाकायचं असतं तर दोन वर्षांत फाडलं नसतं का?

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. ख्रिसमसला येऊ नकोस. बाबांना मी उद्या सांगणार आहे की रेकॉर्डवर मी नाही. ते बहुतेक डबा उघडून बघायला मागतील. पण तू बुधवारी पहिल्या गाडीनं निघ. मंगळवारी हे पत्र मिळेल, म्हणून आत्ताच टपालपेटीत टाकायला जाते. फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकून मी पुन्हा गप्प बसले असते.

जिला तू आपल्या बाजूची समजलास ती,
लॉर्ना