विहिणीला म्हणायची गाणी

देवळी, ता. ६ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप जयवंताताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी तू ऐकत नाहीस, म्हणून पत्र. काजलच्या लग्नाला महिनाही राहिला नाही आणि मी आत्ताच थकलोय. माझी मंदा असती तर मी नुसता पत्रिका वाटत हिंडलो असतो. ती गेल्यावर पोरीला तू वाढवलंस, तेव्हा मांडवात आईच्या जागी तूच.

एक विनंती. विहिणीला म्हणायची गाणी या वेळी नको. जावई जोबिन सेवाग्रामला काजलच्याच दवाखान्यात असला तरी माणसं केरळची. शांत, हळू बोलणारी. त्याची आई एलियम्मा सध्या त्याच्याकडेच राहते. भोपाळला नर्स होती, तिला हिंदी कळते, तेव्हा गाण्याचा अर्थही कळणार. तू भर मांडवात तिचं नाक, चाल, जेवण काढणार आणि पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. शिवाय 'सांस्कृतिक वारसा' म्हणून अर्धा तास ठेवलाच आहे. कार्यक्रमवाला आदेश नागपूरहून पोरी आणतोय, त्या लावणी करतील. आपल्या सात पिढ्यांत कोणी लावणी केली नाही, असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, काका, पाहुण्यायले काय मालूम?

गुडघ्याला तेल लावत जा. राग आला तरी उत्तर धाडावे.

तुझा किसन

आर्वी, ता. ११ जानेवारी

चि. किसन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघ्याची काळजी करू नको, मी येऊन नाई राह्यली.

माझ्या लग्नात आपल्या मायनं माझ्या सासूले म्हटलं होतं, की हिची जीभ एवढी लांब, विहिरीवर दोर लागत नाई. सासू पदर तोंडात कोंबून हसत बसली. पुढं तीस वर्षं तिची जीभ सुटली की मी नुसती विहिरीकडे पाहो, अन् तिले हसू फुटे. त्या एका गाण्यावर माझा संसार निघाला, बापू.

जिले काही म्हणता येत नाई ती पाहुणी. पाहुणीच्या घरी पोरगी काऊन द्यावी? आपलं खरं काही दिसू नये म्हणून तू लावणी दाखवून राह्यला. दाखव. पण मले खुर्चीवर बसवून फोटो काढायले बोलावू नको. काजलले सांगजो, आत्याचा आशीर्वाद पोस्टानं येईल.

जेवत जा वेळेवर. बाकी माया आहे तिथंच आहे.

जयवंता

देवळी, ता. १९ जानेवारी

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र माझ्याआधी काजलनं वाचलं. रडली, आणि आत्या नाही तर तारीख पुढे ढकला म्हणाली. जोबिनलाही तिनंच सगळं सांगितलं. परवा त्याची आई खरेदीला वर्ध्याला आली, तिथून थेट आपल्या घरी. माझ्यासमोर बसून म्हणाली, माझ्यावर काय गाणं आहे ते सांगा.

ताई, एका बाईला तिच्या तोंडावर, हिंदीतून, शिव्या समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली. विहीणबाई मिरवत आल्या, बारा पोळ्या खाऊन तेरावी पदरात बांधली, असं खाली मान घालून सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मला वाटलं, मोडलं लग्न. मग ती म्हणाली, पोळी मला पचत नाही, भात म्हणा. तो पदरात कसा बांधायचा ते तुम्ही बघा. आणि म्हणाली, तीन महिने तुम्ही सगळे नुसते गोड हसता आणि चहा देता. मला वाटायचं, आमचा मुलगा तुम्हाला पसंत नाही.

लावणी रद्द केली. आदेश रुसलाय, रुसू दे.

बोलता बोलता, आपल्याकडे मुलाकडच्या बायाही गाण्यातून उलट सुनावतात, हे माझ्या तोंडून निघून गेलं. तिनं लगेच पर्समधून वही काढली आणि आपल्या घरच्यांच्या खोडी विचारायला लागली. दीड तास मी आपल्या खानदानाचे दोष सांगत बसलो आणि ती मल्याळममध्ये उतरवून घेत राहिली. माझे सहा ओळींत आटोपले. तुझ्यासाठी पान उलटावं लागलं.

तू आली नाहीस तर ते ती कोणाला म्हणणार?

तुझी माया, शिव्यांसकट, आहे तशीच असू द्यावी.

तुझा किसन