आईच्या शेंगांची पिशवी

प्रिय आई,

आधी नमस्कार, मग कबुली.

मी ठणठणीत आहे. माझ्यासोबत राहणाऱ्या नर्सताईंनी फ्रिजच्या दारावर कागद चिकटवलाय. खायचं काही फेकलं, तर ज्याने फेकलं त्याने ते स्वतःच्या हाताने त्यावर लिहायचं. पहिल्या आठवड्यात माझीच यादी लांबलचक झाली: पालकाच्या दोन जुड्या, अर्धा ब्रेड, न उघडलेलं दही. स्वस्त दिसलं की उचलायचे ना! आता दोन दिवसांपुरतीच भाजी आणते. बाबांना सांग, भोपळ्यालाही नाक मुरडत नाही.

पण एक गोष्ट त्या कागदाच्या आधीची आहे. तू पाठवलेल्या वाळवलेल्या शेंगा मी खाल्ल्याच नाहीत. भिजवायचा कंटाळा केला, त्यांना कीड लागली, मग सगळ्या कचऱ्यात टाकल्या. फोनवर मात्र "बोटं चाटत खाल्ल्या" असं ठोकून दिलं. म्हणूनच तू परत गच्चीवर वाळत घातल्यास, तेही दुखरी कंबर धरून.

कंबर कशी आहे? मी खोटं बोलले म्हणून तूही खोटं नको बोलूस.

शेंगांची ती तू शिवलेली पिशवी तेवढी ठेवली. तीच घेऊन बाजारात जाते. भाजीवाल्या मावशी शिवण निरखून विचारतात, "कुणी शिवली गं?" मी ऐटीत "आईने" म्हणते, आणि तिच्यातून काय आलं होतं ते त्यांनी विचारायच्या आत पुढे सरकते.

आज त्या कागदाच्या तळाशी लिहिलं: शेंगा, एक पिशवी, आईच्या.

गच्चीवरच्या पाठव. भिजवायला पातेलं काढून ठेवलंय.

तुझीच,
धाकटी