पिवळा चौकोन

सोमवार, ३ तारीख
आलो एकदाचे! सामानाची गाडी दुपारी रिकामी झाली आणि संध्याकाळपर्यंत मी चहाचं पातेलं, खारूची उशी आणि माझा शिवणाचा डबा एवढं शोधून काढलं. बाकी संसार अजून खोक्यांत आहे. दुसरा मजला, दोन खोल्या आणि तिसरी इतकी लहान की तिला खोली म्हणताना मलाच हसू येतं. ती खारूची. वय सात, गाल कायम भरलेले, म्हणून खारूताईची खारू झाली. नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही चंबूगबाळं उचलून इथे आलो. नव्या जागी रोज लिहायचं ठरवलंय. नवरा म्हणतो, लिही, पण तुझं अक्षर तुला तरी लागतं का? खारू तर माझी वही उघडून विचारते, आई, पानावरून मुंग्या पळाल्यात का? बापलेकींनी छळायचं ठरवलंय मला.

बुधवार, ५ तारीख
खारूच्या खोलीतल्या कपाटाचा तळचा खण अडकला होता. जोर लावून ओढला तर आत गोधडी. लहानशी, मांडीवर मावेल एवढी. चार ओळी, ओळीत चार चौकोन. चौदा भरलेले, दोन जागी नुसतं अस्तर. टाके काय बारीक! मी पंधरा वर्षं हौसेनं शिवते, बाहुल्यांची पांघरुणं, दोऱ्याची चित्रं, उशांचे अभ्रे. पण असा धावदोरा मला जन्मात जमला नाही. तुकडे सगळे वापरलेल्या कपड्यांचे. एकावर शर्टाचं काजसुद्धा शाबूत आहे, एक तान्ह्या बाळाच्या दुपट्याचा असावा.

तळमजल्यावर रफूवाले काका बसतात, त्यांना नेऊन दाखवली. म्हणाले, आधीच्या बाईंची असेल, सतरा वर्षं एकट्या राहिल्या, ना नवरा ना मूल. शेवटी शेवटी जिन्यात उभ्या राहून कुणाला तरी शोधायच्या. कुणाला, ते त्यांनाच सांगता यायचं नाही. मी म्हटलं, मग स्वयंपाकघराच्या चौकटीवर तीन मुलांच्या उंचीच्या रेघा कुणी मारल्या? काका म्हणाले, कुणी का मारीना, मूल आम्ही कधी पाहिलं नाही.

रविवार, ९ तारीख
अर्धं राहिलेलं शिवण दिसलं की मला चैन पडत नाही. खारूचा पिवळा फ्रॉक आखूड झालाय आणि गोधडीला नेमका तोच पिवळा हवा होता. एक चौकोन त्याचा कापला. नवऱ्याच्या जुन्या चौकडीच्या शर्टाचा दुसरा कापून डब्यात ठेवला. खारूला मांडीवर घेऊन धावदोरा शिकवला. पोरगी माझ्यापेक्षा सरळ टाके घालते!

दोरा आणायला खाली गेले तर काकांनी त्यांच्या धंद्यातलं सांगितलं. रफूचा दोरा त्याच कपड्याच्या दुमडीतून काढायचा, परका दोरा धरत नाही. आणि भोक उघडं ठेवायचं नाही, ते शेजारचं कापडही ओढून नेतं.

सोमवार, १० तारीख
पिवळ्या चौकोनाची एक बाजू झाली. एवढ्या बारीक टाक्यांनी डोळे दुखून येतात, म्हणून रोज एकच बाजू. दुपारी खारूला घेऊन बाहेर निघाले तर काकांनी विचारलं, ही कुणाची मुलगी? काल तिलाच त्यांनी रिकामं रीळ खेळायला दिलं होतं. वय झालं, दुसरं काय.

मंगळवार, ११ तारीख
दुसरी बाजू झाली. शाळेतून खारू रडत आली. हजेरीत तिचं नाव घेतलंच नाही म्हणे, आणि तिच्या बाकावर दुसरी कुणी बसली होती. उद्या जाऊन बाईंना फैलावर घेणार आहे. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, कोण खारू? मी म्हटलं, पुरे झाली थट्टा. तो हसला नाही.

बुधवार, १२ तारीख
शाळेत जायचं होतं. कशाला, ते आठवेना. तिसरी बाजू झाली. जेवायला दोन ताटं घेतली. एक मुलगी टेबलापाशी उभी राहून बघत होती, भरल्या गालांची. कुणाची असेल? तिने मला आई म्हटलं. मला उगीचच गलबलून आलं.

गुरुवार, १३ तारीख
चौथी बाजू झाली. पंधरा चौकोन पूर्ण, एकच राहिला. पिवळा काय उठून दिसतो! छोटी खोली रिकामीच आहे, तिथे शिवणाचं सामान लावावं म्हणते. पलंगाखाली लहान मुलाचा बूट मिळाला. आधीच्या बाईंचा असणार. दोघांना ही जागा जरा मोठीच झाली.

शनिवार, १५ तारीख
पिवळा दोरा कधी आणला ते बघायला वही मागे उलटली. खारू. पानोपानी खारू. अक्षर माझं, या मुंग्या दुसऱ्या कुणाच्या असणार? वय सात. गाल भरलेले. माझी मुलगी.

मला मुलगी आहे आणि मला तिचा चेहरा आठवत नाही.

नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. म्हणाला, आपल्याला मूल कधी झालंच नाही. खाली धावले. काका म्हणाले, बाई, तुम्ही दोघंच आलात.

चौदा चौकोन. चौदा माणसं. आणि त्या बाई सतरा वर्षं एकट्या.

रविवार, १६ तारीख, सकाळ
पहिली बाजू उसवली. छोट्या खोलीतून आवाज आला. आई, मुंग्या पळाल्यात का? दार उघडलं तर कुणी नाही. मी खाली बसून रडले. आवाज तिचाच, ओळखला मी.

दुसरी उसवली. उशीला तिच्या केसांचा वास.

तिसरी उसवायला गेले तर पहिली पुन्हा शिवलेली. माझेच टाके. मी सुई हातात धरलेली नाही —

त्याच दिवशी, दुपार
सहा वेळा उसवलं. सहाही वेळा मिटलं. गोधडी जागा उघडी राहू देत नाही. काकांनी सांगितलं होतं, परकं धरत नाही, म्हणजे कापड याच घरचं हवं. चौकडीचा चौकोन डब्यातून काढला — नाही. खारूला बाप हवा. परत ठेवला.

कपाटात शोधायला वेळ नाही. अंगातल्या कपड्याची निळी बाही कापली. पिवळा एकीकडून उसवायचा, निळा मागून लगेच शिवायचा.

एक बाजू झाली. नवरा दारातून आत आला, माझ्याकडे बघून दचकला. म्हणाला, कोण पाहिजे?

दोन झाल्या. चेहरा आठवला! डाव्या गालावर खळी आहे, उजव्या नाही.

तीन. आली. उंबऱ्यात उभी आहे, कापलेला पिवळा फ्रॉक, पायात एकच बूट. माझी पोर ती. माझ्याकडे टक लावून बघतेय. म्हणाली, काकू, तुम्ही कोण?

चौथी घालायच्या आधी तिला सांगून ठेवायला हवं. एक जागा अजून रिकामी आहे. तिला वाचता येईल असं, मोठ्या सुट्या अक्षरांत. बोटांना माझं अक्षर आठवेना, चौथी आपोआपच मिटत चाललीय — लवकर —

खारू, रिकाम्या जागेत चौकोन

सोमवार
मला कपाटात ही वही सापडली. खूप पानं कोरी आहेत म्हणून मी पण लिहिणार. आधीची पानं कुणीतरी मुंग्यांसारखी लिहिली आहेत, ती वाचता येत नाहीत. बाबा म्हणाले, आधीच्या बाईंची वही असेल. आम्ही दोघंच राहतो, मी आणि बाबा. घर छान आहे. एक गोधडी पण मिळाली. तिच्यात निळा चौकोन आहे, त्याचा वास खूप छान येतो. नाक लावलं की रडू येतं पण छान वाटतं.

वहीत एकच ओळ मोठ्या अक्षरांत आहे. त्यात माझंच नाव आहे! खारू, रिकाम्या जागेत चौकोन. म्हणजे मलाच शिवायला सांगितलंय. डब्यात बाबांच्या शर्टाचा चौकोन कापून ठेवलेला होता, तो अगदी बरोबर बसला. मला धावदोरा येतो. कुणी शिकवला ते आठवत नाही.

तीन बाजू झाल्या. माझे टाके एकदम सरळ आहेत. समोरच्या खुर्चीत एक काका पेपर वाचत बसलेत. ते कोण आहेत ते विचारते, पण आधी ही चौथी