नऊ चौकोन आणि लाल लोकर

३१ जानेवारी, शनिवार, दुपारी १
आनंदाची बातमी. मेहुण्याने गेम मास्टरची गादी माझ्याकडे सोपवली. सहा रविवार. त्यानंतर सगळे मिळून ठरवणार, गादी कायमची माझी की परत त्याची. ठरवायचं काय त्यात?

तीन वर्षं दर रविवारी चार वाजता आमच्या जेवणाच्या टेबलावर हा खेळ चालतो. गेम मास्टर गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र चालवतात, अडलं की वीस बाजूंचा फासा. मोठा आकडा पडला की काम फत्ते, एक पडला की बोंब. मेहुण्याच्या राज्यात नुसती मारामारी आणि खजिने. नीतीचा पत्ता नाही.

मी नीती आणणार. प्रत्येक पात्राचं अलाइनमेंट असतं, म्हणजे त्याच्या नीतीचा कल. एकीकडे नियमनिष्ठ, तटस्थ, मनमौजी. दुसरीकडे सज्जन, मध्यम, दुर्जन. असे नऊ चौकोन. वरच्या मजल्यावरचा दंतवैद्य धर्मयोद्धा आहे, म्हणजे नियमनिष्ठ सज्जन. बायको चोर, मनमौजी सज्जन. मेहुणा मांत्रिक, सगळ्यातच मध्यम. यांना एकमेकांशी भिडवायचं. तत्त्वांची खडाजंगी झाली पाहिजे.

मी स्वतः अर्थातच नियमनिष्ठ सज्जन. बावीस वर्षं लिफ्ट तपासनीस आहे. ब्रेक शंकास्पद असेल तर सही नाही म्हणजे नाही.

१ फेब्रुवारी, रविवार, संध्या. ७
पहिला डाव. समोर पुठ्ठ्याचा पडदा उभा केला. त्याच्या आड माझे फासे आणि टिपणं. टेबलावरच्या कोणाला काही दिसत नाही. सासूबाई नेहमीप्रमाणे माझ्या पाठीमागच्या सोफ्यावर विणत होत्या. निळा मफलर. माझ्यासाठीच आहे म्हणे. खेळात त्यांना रस नाही.

प्रसंग असा: गुडघ्याएवढा एक हिरवा राक्षस गावची पिठाची पोती चोरताना सापडतो. कायद्याने फाशी. धर्मयोद्धा फाशी मागणार, चोर सोडा म्हणणार, दोन तास जुंपणार, मग एक वृद्ध संन्यासी (मीच) येऊन अकरा मिनिटांचं भाषण करणार.

प्रत्यक्षात दंतवैद्याने राक्षसाला विचारलं की जेवलास का. बायकोने विचारलं की तुला येतं काय काय. मी गडबडलो आणि सूप येतं म्हणालो. त्यांनी त्याला आचारी म्हणून ठेवून घेतला. टिल्लू असं नावही ठेवलं. एकूण नऊ मिनिटं. भाषण राहिलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार
दोष माझा नाही. माणसंच फार समजूतदार निघाली. भाषणाचा सराव चालू. आज एका सहा मजली इमारतीत चाचणीसाठी लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यांमध्ये थांबवली, तेव्हा शांतता बघून तिथेच म्हटलं. बाहेर कोणीतरी लिफ्टमध्ये माणूस अडकून बरळतोय असं समजून फायर ब्रिगेडला फोन केला. भाषणात ताकद आहे, एवढं सिद्ध झालं.

८ फेब्रुवारी, रविवार
पुलाचा प्रसंग. पुलाचा रखवालदार एकालाच पलीकडे सोडणार: औषध घेऊन निघालेल्या वैदूला किंवा आईला भेटायला निघालेल्या कैद्याला. आता भांडा!

मांत्रिकाने रखवालदाराला पटवायचं ठरवलं. त्यासाठी मी पडद्याआड फासा टाकला. अठरा. म्हणजे पटला. मग माझ्या प्रसंगाचं काय? मी तीन म्हणालो. ही लबाडी नाही. ही साहित्यिक दुरुस्ती आहे.

तरीही टिल्लूने रखवालदाराला सूप पाजलं आणि दोघेही पलीकडे गेले. दुरुस्त्या एकूण चार. फळ शून्य.

सासूबाईंनी मध्येच विचारलं की निळ्यात लाल ओळी घातल्या तर चालतील का. मी म्हटलं, घाला की. लाल मला शोभतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार
सासूबाईंची लाल लोकर संपत आली. मला आणायला पाठवलं. दोन गुंडे आणले. जावयावर जीव आहे त्यांचा.

१५ फेब्रुवारी, रविवार
दुरुस्त्या नऊ. भांडण नाही. उलट दंतवैद्याने टिल्लूचं चित्र काढून आणलं, डोक्यावर पातेलं घातलेलं. दवाखान्यात खुर्चीसमोर लावणार आहे. लहान पेशंट रडायला लागले की तो त्यांना टिल्लूच्या गोष्टी सांगतो म्हणे. म्हणजे माझ्याच गोष्टी. माझं नाव घेतो का, हे विचारायचं राहिलं.

मेहुणा म्हणाला की भावोजी, मजा येतेय. त्याच्या आवाजात मला मत्सर ऐकू आला.

तरी उरले तीन रविवार. नुसत्या मजेवर गादी मिळत नाही. टिल्लूच मध्ये येतो आहे. टिल्लूचं काहीतरी करायला हवं.

२२ फेब्रुवारी, रविवार, संध्या. ७
जमलं!

शत्रूने किल्ल्याला वेढा घातला. मागच्या दाराची किल्ली टिल्लूकडे. शत्रू त्याला लालूच दाखवतो. बायको म्हणाली की त्याच्या निष्ठेसाठी फासा टाक. टाकला. वीस. याहून मोठा आकडा फाशावर नसतो. मी जरा वेळ बघत राहिलो. मग म्हणालो, एक.

टिल्लूने दार उघडलं.

दंतवैद्याने चष्मा काढून पुसला. या पोरासाठी मी मान दिली असती, एवढंच म्हणाला आणि अर्धा चहा टाकून वर गेला. बायकोने कप जरा जोरातच विसळले. मेहुण्याने बूट चुकीच्या पायांत घातले.

शेवटी नैतिक संघर्ष झाला! आजच्या दुरुस्त्या तीस. गादी माझीच. सासूबाईंनी आणखी लाल लोकर मागवली आहे. पाकीटच आण म्हणाल्या.

२५ फेब्रुवारी, बुधवार
दंतवैद्याचा निरोप: धर्मयोद्धा तलवार खाली ठेवतो आहे, आणि बहुधा मीही यापुढे येणार नाही.

बायको माझ्याशी फक्त माहितीपुरतं बोलते. भाजी झाकलेली आहे. टॉवेल वाळलेला आहे.

आज कामावर एका लिफ्टच्या दरवाजाची फट तीनदा मोजली तरी आकडा लक्षात राहीना. शेवटी तळहातावर लिहिला. वय होतंय.

१ मार्च, रविवार
डाव झाला नाही. चार वाजता जिन्याने वर गेलो. दंतवैद्याने दार उघडलं, आत बोलावलं, पाणी दिलं. टिल्लूचं चित्र भिंतीवरून काढून घरी आणलेलं, उलटं करून कपाटाला टेकवलेलं. मुलं विचारतात, सांगायचं काय, असं तो म्हणाला.

फार वाईट वाटलं. इथे लिहून ठेवतो, कारण इथे कोणी वाचत नाही. खरं सांगावं असं दोनदा ओठांवर आलं. पण मी म्हणालो की अरे, फासा म्हणजे फासा, नियम म्हणजे नियम, माझ्या हातात काय असतं? त्याने दिलेलं पाणी एका दमात संपवलं. हवाच कोरडी आहे सध्या.

परत आलो तर बायकोने जाहीर केलं की पुढच्या रविवारी टिल्लूवर खटला चालवायचा. चोर त्याची वकिली करणार. दंतवैद्य कबूल झाला. सासूबाईही चष्मा लावून ऐकत होत्या.

७ मार्च, शनिवार
खटला म्हणजे मोठंच नाट्य. संन्याशाचं भाषण आता चौदा मिनिटांचं केलं आहे. शेवटचा भाग क्षमेवर. उद्या गादीचा निकाल.

८ मार्च, रविवार, संध्या. ८
बायको उभी राहिली. म्हणाली, माझा एकच साक्षीदार आहे. आणि तिने माझ्या पाठीमागे बोट केलं.

सासूबाई उठल्या. मफलर टेबलावर पसरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग शांतपणे सांगितलं की पडद्याआडच्या दर फाशाला त्यांनी एक ओळ विणली. जावईबापू खरं बोलले की निळी, नाही बोलले की लाल. पहिलं वीतभर निळं. पुढे लाल डोकावू लागलेलं. शेवटची हातभर लांबी टोमॅटोच्या पेटीसारखी. चष्मा सावरून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. ही बावीस तारखेची. वीस पडले होते.

पडदा पुढून होता. सोफा मागे आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही. बावीस वर्षं मी लिफ्टची मागची बाजू आधी बघतो.

टिल्लू निर्दोष. दंतवैद्याने टेबलावर मूठ आपटली आणि मग डोळे पुसले, की उलट, आठवत नाही.

मग प्रश्न निघाला की गेम मास्टरचं अलाइनमेंट काय. आणि जुंपली! दंतवैद्य म्हणाला नियमनिष्ठ दुर्जन, कारण नियमांच्या नावाखाली केलं. बायको म्हणाली नियमनिष्ठ कसला, मनमौजी, पण दुर्जन म्हणायचं नाही, माझा नवरा आहे. मेहुणा म्हणाला मध्यम, हेतू चांगला आणि डोकं कमी. तत्त्वं, दाखले, आवाज, खुर्च्या सरकवणं. दोन तास दहा मिनिटं. मी सहा रविवार ज्याची वाट पाहिली, तो नैतिक संघर्ष अखेर माझ्या टेबलावर झाला, आणि त्यात मला बोलायची परवानगी नव्हती. एकदा संन्याशाचं भाषण सुचवलं. तिघांनीही एका आवाजात नाही म्हटलं. तेवढं एकमत.

शेवटी सासूबाईंनी विणकाम गुंडाळलं आणि म्हणाल्या की चौकोन नंतर बघू, आधी त्यांनी माफी मागावी. मागितली. फार सोपं होतं. दंतवैद्याने माझ्या पाठीत एक ठेवून दिली आणि उरलेला चहा संपवला.

गादीचं मतदान: मला शून्य. मेहुण्याला शून्य. सासूबाईंना चार. चौथं मत माझं.

१५ मार्च, रविवार, संध्या. ७
सासूबाईंनी पुठ्ठ्याचा पडदा रद्दीत टाकला. फासे सगळ्यांसमोर टेबलाच्या मधोमध. त्यांच्या गोष्टीत नीती-बिती काही नाही, फक्त डोंगर आणि एक हरवलेली शेळी. तरी वेळ कसा गेला कळलं नाही.

मला टिल्लू दिला आहे. आज सुपासाठी फासा टाकला. एक पडला. सगळ्यांना दिसला. धर्मयोद्धा बेशुद्ध, मांत्रिक आजारी, शेळी सोडून सगळे आडवे. एवढे हसले की मेहुण्याला ठसका लागला. टिल्लूचं चित्र दवाखान्यात परत लागलं आहे. दंतवैद्याने सांगितलं की मुलांना आता त्याच्याबरोबर माझीही गोष्ट सांगतो.

मफलर गळ्यात घालूनच खेळलो. सक्ती आहे. बायकोने ओळी मोजून सांगितल्या: त्रेचाळीस लाल, अठरा निळ्या.

तरी तपासनिसाच्या नजरेने बघितलं तर, दुरून, नीट घडी घातली, की निळाच वाटतो.